महाशिलाकंटक आणि तराजूची दांडी



पर्युषणात आपण दरवर्षी स्थानकात अंतगडसूत्र ऐकतो. शेवटी आठवा वर्ग येतो आणि महासतीजी श्रेणिक राजाच्या दहा राण्यांची तपं एकेक करून सांगतात. काली राणीचं रत्नावली, सुकालीचं कनकावली, महाकृष्णेचं लघुसर्वतोभद्र, वीरकृष्णेचं महासर्वतोभद्र, महासेनकृष्णेचं आयंबिल वर्धमान. उपवास किती, पारणी किती, हे ऐकतानाच आपला जीव दडपतो. त्या मोजणीत एक गोष्ट मात्र मागे पडते. या दहाजणी तपाकडे वळल्या कशा? दहाही जणींचे मुलगे एकाच युद्धात गेले होते. काली राणीने भगवंतांना विचारलं होतं, माझा मुलगा परत येईल का? उत्तर ऐकून ती कोसळली, सावरली आणि पुढे आर्या चंदनबालेच्या संघात दीक्षित झाली.

त्या युद्धात एक यंत्र वापरलं गेलं होतं. त्याचं नाव महाशिलाकंटक. आज त्याविषयी लिहायचं आहे, कारण आमच्या सहावीतल्या नातवाला शाळेच्या प्रदर्शनासाठी दगडफेकी यंत्राचं चालतं मॉडेल करायचं होतं. मुलं त्याला कॅटापुल्ट म्हणतात. सुट्टीत राजगड बघून आल्यापासून त्याच्या डोक्यात तेच होतं. जैनाच्या घरात असलं काही करावं का, यावरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. त्या चर्चेपायी मी भगवतीसूत्राचा सातवा शतक आणि निरयावलिका पुन्हा काढून वाचलं. वाचताना जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आजोळावर स्वारी

आधी नाती नीट मांडून घेऊ, म्हणजे युद्ध समजेल. वैशालीचा राजा चेटक. त्याची बहीण त्रिशला, म्हणजे भगवान महावीरांच्या मातोश्री. त्याची मुलगी चेल्लणा, मगधाच्या श्रेणिक राजाची राणी. चेल्लणेचा मुलगा कूणिक. इतिहासाच्या पुस्तकांत त्यालाच अजातशत्रू म्हणतात. म्हणजे वैशाली हे त्रिशलामातेचं माहेर आणि कूणिकाचं आजोळ. आपल्या आगमातलं सर्वांत भयंकर यंत्र एका नातवाने आपल्या आईच्या वडिलांवर चालवलं.

भांडण कशावरून? एक हत्ती आणि एक हार. सेचनक नावाचा गंधहस्ती आणि अठरासरी हार श्रेणिकाने आपल्या हयातीतच विहल्लकुमाराला दिला होता. (काही कथांत हल्ल आणि विहल्ल असे दोघे भाऊ येतात.) विहल्ल आपल्या राण्यांना घेऊन त्या हत्तीवरून गंगेवर जलक्रीडेला जाई आणि चंपानगरीत त्याचीच चर्चा होई. कूणिकाची राणी पद्मावती हिच्या मनात ते सलू लागलं. राज्य आपल्याकडे आणि राज्याची शोभा दिराकडे! तिने नवऱ्याकडे हट्ट धरला. कूणिकाने आधी दुर्लक्ष केलं, पण रोज रोज ऐकून शेवटी भावाकडे मागणी केली. विहल्ल म्हणाला, अर्धं राज्य द्या आणि हत्ती-हार घ्या. ते काही होणार नव्हतं. मग तो हत्ती आणि हार घेऊन आजोळी, चेटकाच्या आश्रयाला गेला.

कूणिकाने दूत पाठवले. चेटकाने सांगितलं, मला तुम्ही दोघेही सारखेच नातू आहात, पण आश्रयाला आलेल्याला मी बाहेर काढणार नाही. नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी असे अठरा गणराजे चेटकाच्या बाजूने उभे राहिले. कूणिकाकडून त्याचे दहा सावत्र भाऊ आले, काल, सुकाल आणि बाकीचे. त्याच दहा राण्यांचे हे मुलगे.

चेटक हा व्रतधारी श्रावक. युद्धात दिवसाला एकच बाण सोडायचा, असा त्याचा नियम होता आणि तो बाण कधी चुकत नसे. दहा दिवसांत दहा राजकुमार गेले. तेव्हा कूणिकाने अट्ठम केला, म्हणजे तीन दिवसांचा उपवास. तो कर्मनिर्जरेसाठी नव्हता, शक्रेंद्र आणि चमरेंद्राकडे मदत मागण्यासाठी होता. त्यातून त्याला दोन साधनं मिळाली, महाशिलाकंटक आणि रथमुसळ. हा अट्ठम लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

यंत्र होतं तरी कसं?

भगवतीसूत्रात यंत्राचा आराखडा दिलेला नाही. परिणाम तेवढा दिला आहे. त्या युद्धात ज्याला गवताची काडी, पान, लाकूड किंवा खडा लागे, त्याला आपल्यावर महाशिला आदळल्यासारखं वाटे, म्हणून नाव महाशिलाकंटक. रथमुसळाचं वर्णन आणखी चमत्कारिक आहे. घोडे नाहीत, सारथी नाही, आत योद्धा नाही, फक्त मुसळ लावलेला रथ, आणि तो चौफेर धावत माणसं चिरडत गेला. इतिहासाच्या अभ्यासकांनी या वर्णनावरून महाशिलाकंटक म्हणजे मोठे दगड लांबवर फेकणारं यंत्र असावं असं मानलं आहे. भारतातल्या अशा यंत्राच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक म्हणून ते आपल्या आगमाचं नाव घेतात.

दगडाचं हत्यार म्हणजे काय काय, याची यादी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. १९०९ साली म्हैसूरच्या शामाशास्त्रींनी हा ग्रंथ छापला, तोवर तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्यात शस्त्रागाराच्या प्रकरणात दगडी आयुधं मोजली आहेत. यंत्राने फेकायचे दगड, गोफणीने फेकायचे दगड, हाताने फेकायचे दगड आणि त्यांच्या पुढे चक्क दळायचे दगड. आपलं जातं! ज्यावर बायकांनी पहाटे उठून पीठ काढायचं, तेच प्रसंग आला की तटावरून खाली टाकायचं. रथमुसळातलं मुसळही स्वयंपाकघरातलंच. शस्त्र वेगळं कुठून आणावं लागत नाही. घरातलीच वस्तू असते, तिचा उपयोग बदलतो.

त्याच प्रकरणात एका जागी उभ्या असलेल्या दहा यंत्रांची नावं आहेत. त्यातलं पहिलं नाव वाचून मी थबकले. सर्वतोभद्र! टीकाकार सांगतात की हे चारी बाजूंना दगड फेकणारं यंत्र होतं. सर्व बाजूंनी भद्र, म्हणजे कल्याण, असं त्याचं नाव. आणि अंतगडात मुलगा गमावलेल्या महाकृष्णेने केलेल्या तपाचं नावही सर्वतोभद्रच. एकाच शब्दाची ही दोन टोकं. एका टोकाला चारी बाजूंना दगड, दुसऱ्या टोकाला जिकडून बेरीज करावी तिकडून सारखीच येणारी उपवासांची मांडणी. तपाचा तक्ता ज्यांनी काढून पाहिला असेल त्यांना माहीत आहे, पाच ओळी, पाच रकाने, आणि उभी, आडवी, तिरपी कशीही बेरीज केली तरी पंधरा.

पाचशे माणसांची 'नवरी'

बाहेरच्या जगातही ही यंत्रं होतीच. ग्रीक लोकांत इ.स.पूर्व ३९९ च्या सुमारास सिराक्यूजच्या डायोनिसियस राजाने कारागीर जमवून अशी फेकयंत्रं करवून घेतली. ती धनुष्याच्या तत्त्वावर होती. पुढे स्नायूंचे आणि केसांचे पीळदार दोर वापरून त्यांची ताकद वाढवली गेली.

दुसरा प्रकार लांब दांडीचा. दांडीच्या आखूड टोकाला दोर बांधून माणसांनी एकदम खाली ओढायचं, की लांब टोकाला ठेवलेला दगड उडतो. इ.स. ७११-१२ मध्ये मुहम्मद बिन कासिमने सिंधमधल्या देबलला वेढा घातला तेव्हा असंच एक यंत्र आणलं होतं. ते चालवायला पाचशे माणसं लागत आणि त्याचं नाव होतं 'अरूस', म्हणजे नवरी. नाव ठेवणाऱ्याची कमाल म्हणायची! पुढे माणसांच्या जागी मोठं वजन टांगायची युक्ती निघाली. वजन खाली पडतं, दगड वर जातो. आपल्याकडे या यंत्रांना मंजनीक म्हणत. १३०१ साली अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने रणथंभोरला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातून आलेल्या दगडाने त्याचा सरदार नुसरतखान मारला गेला. म्हणजे वेढा घालणारे आणि वेढ्यात अडकलेले, दोघांकडेही तेच यंत्र. तोफा आल्या आणि ही यंत्रं मागे पडली.

आपल्या गडांवर का नाही?

राजगडावर पद्मावती माचीवर बसून नातवाने नेमकं हेच विचारलं होतं. "दादी, इथे दगड फेकायचं यंत्र कुठे आहे?"

भोर-वेल्ह्यात राहणाऱ्याला गड वेगळे दाखवावे लागत नाहीत. भोरहून मान वर केली की रोहिडा, वेल्ह्यात पोचलं की डोक्यावर तोरणा, १,४०३ मीटर उंच, आणि पलीकडे राजगड. भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं, तोवर हे गड पंतसचिवांच्या संस्थानात होते. संस्थानातल्या तालुक्यांची नावंसुद्धा विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. आता वेल्हे तालुक्याला पुन्हा राजगड नाव मिळालं आहे.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर डोंगरातच आहे. दांडीच्या यंत्रात आपण काय करतो? एक वजन आधी कष्टाने वर चढवतो आणि मग सोडून देतो. ते पडताना जी ताकद येते ती दगडाला देतो. राजगडाच्या तटावरचा धोंडा तर आधीच वर आहे. सह्याद्रीनेच तो चढवून ठेवला आहे. तो नुसता लोटायचा. वीस मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास होतो. गडकऱ्यांनी तटाजवळ दगडगोटे रचून ठेवायचे आणि गोफणीचे गुंडे हाताशी ठेवायचे, एवढ्यावर चढणाऱ्या फौजेला अडवता येई. अख्खा गडच यंत्र होता. तोफा आणि बंदुका होत्याच, पण दारूगोळा संपतो, दगड संपत नाही.

या गडांनी मोठे वेढे सोसले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, पण महाराजांनी राजगड आणि तोरणा राखले. औरंगजेब स्वतः डिसेंबर १७०३ मध्ये राजगडाखाली आला आणि गड पडायला फेब्रुवारी १७०४ उजाडला. पुढच्याच महिन्यात तोरण्यावर मोगल रात्री दोर लावून चढले, तेव्हा तो हाती आला.

गोफण मात्र गडापेक्षा शेतात जास्त वापरली गेली. दोन दोऱ्या आणि मध्ये दगड ठेवायला विणलेली वाटी. ज्वारीला कणसं आली की माळ्यावर उभं राहून राखणदार ती गरगर फिरवत. नुसत्या फटकाऱ्याच्या आवाजानेच पाखरांचा थवा उठून जाई. चांगला राखणदार पाखराला दगड लागू देत नसे, त्याला दाणे वाचवायचे असत. तटावर आणि माळ्यावर वस्तू तीच, हेतू वेगळा.

तराजूची दांडी सरकवली की

आता मॉडेलकडे येते. नातवाने इंटरनेटवर आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँडचं यंत्र पाहिलं होतं. ते सोपं आहे, दहा मिनिटांत होतं. सात काड्यांचा गठ्ठा दोन्ही टोकांना रबराने बांधायचा, दोन काड्या एका टोकाला बांधून त्यांच्या फटीत तो गठ्ठा सरकवायचा, आणि वरच्या काडीला बाटलीचं बूच चिकटवायचं. पण मला त्याला वजनाचं यंत्र दाखवायचं होतं, कारण ते आमच्या घरात फार जुनं आहे. सासऱ्यांचं भोरच्या पेठेत किराणा दुकान होतं. त्यांची पितळी तागडी अजून माळ्यावर आहे.

मी त्याच्यासमोर तागडी धरली. दांडी बरोबर मधोमध टांगलेली आहे, म्हणून दोन्ही पारडी सारखी. आता मनात धर की टांगायची जागा एका बाजूला सरकवली. मग आखूड बाजूचं वजन थोडंसं खाली गेलं तरी लांब बाजूचं टोक झपकन वर जाईल. झालं तुझं कॅटापुल्ट! दुकानदाराने हेच केलं तर त्याला आपण काय म्हणतो? अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटं तोल, खोटं माप आहेच. यंत्र म्हणजे मुद्दाम खोटी केलेली तागडी. त्याला हे इतकं आवडलं की प्रदर्शनातल्या तक्त्यावर त्याने तसंच लिहिलं.

ज्यांना घरी करायचं असेल त्यांच्यासाठी कृती देते.

दांडीला तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी. एका टोकापासून सहा सेंटिमीटरवर सुताराकडून भोक पाडून घ्या. म्हणजे आखूड बाजू सहा आणि लांब बाजू चोवीस, एकास चार. भोकातून विणकामाची जाड सुई घाला, ती झाली आस. आस टेकवायला आइस्क्रीमच्या काड्यांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे दोन वीतभर उंच त्रिकोण फेविकॉलने जोडा आणि पुठ्ठ्याच्या जाड तळावर पक्के बसवा. हा तळ हलला तर सगळं वाया, म्हणून एक रात्र वाळू द्या.

वजनासाठी कापडाची छोटी पुरचुंडी. आम्ही पाच रुपयांची जुनी जाड नाणी घातली. एक नाणं नऊ ग्रॅमचं, वीस नाण्यांचे एकशे ऐंशी ग्रॅम. ती आखूड टोकाला मोकळी लोंबती ठेवा, घट्ट बांधू नका. मोकळी असली की सरळ खाली पडते आणि धक्का कमी बसतो.

फेकायचा गोळा कागदाचा, दोन ग्रॅमच्या आसपास. लांब टोकाला छोटा खिळा ठोका. सुती दोऱ्याची साधारण पट्टीच्या लांब बाजूएवढी गोफण करा, मध्ये जुन्या साडीच्या काठाचा तुकडा. दोऱ्याचं एक टोक पट्टीला कायमचं बांधायचं, दुसऱ्या टोकाला फास करून तो खिळ्यात नुसता अडकवायचा. पट्टी वर फिरली की फास आपोआप खिळ्यावरून निसटतो आणि गोळा सुटतो. सगळी गंमत त्या निसटण्यात आहे. लवकर निसटला तर गोळा डोक्यावरून मागे, उशिरा निसटला तर समोर जमिनीवर. खिळा थोडा थोडा वाकवून बघायचा.

मी कॉमर्सची, त्यामुळे वही घालून दिली. रकाने चार. नाणी किती, खिळा कसा, गोळा कुठे पडला, शेरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा एकच नियम. दोन दिवसांत त्याला कळलं की नाणी वाढवली की अंतर वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे आसच वाकायला लागते. पारड्यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी कोणीतरी सोसत असते.

घरात शस्त्र कशाला?

हे चालू असताना आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या. त्या रोज दोन सामायिक करणाऱ्या, शब्दाला जपणाऱ्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, मुंगी चिरडू नको म्हणून आपण पोराला शिकवतो, आणि तूच त्याला दगड मारायचं यंत्र करून देतेस?"

त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. श्रावकाच्या आठव्या व्रतात, अनर्थदंड विरमणात, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हा दोष सांगितलाच आहे. ज्या कामाशिवाय आपलं काही अडत नाही, त्यासाठी जीवहिंसा म्हणजे अनर्थदंड. खेळण्यासाठी केलेली हिंसा तर अगदी त्यातच मोडते. गलोल घेऊन चिमण्या टिपणारी मुलं आपण लहानपणी पाहिली आहेत. हात एकदा त्याला सरावला की सरावतोच.

मी त्यांना म्हटलं, "भाभीजी, आगमाने हे यंत्र झाकून ठेवलेलं नाही. नाव सांगितलं, कोणी चालवलं ते सांगितलं, किती मेले तेही सांगितलं. मग मुलाने ते नुसतं बघावं का समजून घ्यावं?" बराच वेळ बोलणं झालं. शेवटी आम्ही दोघींनी बसून घरासाठी नियम केले. गोळा कागदाचा किंवा कापसाचाच, खडा नाही, दाणाही नाही. समोर रिकामं खोकं ठेवायचं, माणूस, मांजर, पाल, पाखरू कोणीही समोर असेल तर वजन सोडायचं नाही. आणि खेळून झालं की यंत्र सुटं करायचं.

हा शेवटचा नियम भाभीजींचा. आठव्या व्रताच्या अतिचारांत संयुक्ताधिकरण येतं. प्रतिक्रमणात आपण ते भराभर म्हणून पुढे जातो. हिंसा करू शकणारी साधनं जोडून, वापरायला तयार ठेवायची नाहीत, असा त्याचा अर्थ. उखळात मुसळ ठेवू नये, धनुष्याला बाण लावून ठेवू नये, अशी उदाहरणं त्यावर देतात. भाभीजींच्या सासूबाई रात्री जात्याची वरची तळी उचलून बाजूला ठेवत, ते का, हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. जोडून ठेवलेली वस्तू कोणीही येऊन वापरू शकतं, तिला हेतू लागत नाही. सुटी असली की जोडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. त्यामुळे आता नाण्यांची पुरचुंडी माझ्या कपाटात असते आणि पट्टी त्याच्या दप्तरात.

वरुणाचं व्रत

आता त्या अट्ठमकडे येते.

गौतमस्वामींनी भगवंतांना विचारलं, लोक म्हणतात की युद्धात मरणारा स्वर्गात जातो, हे खरं का? भगवंतांनी स्पष्ट नाही म्हटलं. महाशिलाकंटकात चौऱ्याऐंशी लाख आणि रथमुसळात शहाण्णव लाख माणसं मेली, आणि बहुतेक सगळी नरक-तिर्यंच गतीत गेली असं सांगितलं. मग त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली.

वैशालीत वरुण नावाचा श्रावक होता. त्याची ओळखच नागनत्तुअ, नागाचा नातू, अशी. त्याचा छट्ठ, म्हणजे दोन दिवसांचा उपवास, चालू असताना राजाज्ञा आली, रथमुसळ युद्धात जायचं. त्याने पारणं केलं नाही, छट्ठाचा अट्ठम केला आणि रथावर चढला. जाताना नियम घेतला. जो आधी माझ्यावर वार करेल त्याच्यावरच मी वार करेन, दुसऱ्या कोणावर नाही. समोर एक योद्धा आला आणि म्हणाला, मार. वरुण म्हणाला, आधी मी मारणार नाही. त्या योद्ध्याने बाण मारला, तो वर्मी लागला. मग वरुणाने त्याला एका बाणात पाडलं, रथ वळवला, एकांतात जाऊन दर्भावर बसला, व्रतांची आलोचना केली आणि समाधीने देह ठेवला. त्याचा बालमित्रही त्याच युद्धात घायाळ झाला होता. त्याने वरुणाला जाताना पाहिलं आणि त्याच्यासारखाच येऊन बसला. त्याला व्रतांची नावं माहीत नव्हती. तो एवढंच म्हणाला, जी व्रतं माझ्या मित्राची, ती माझीही असोत. वरुण देवगतीत गेला, मित्राला चांगला मनुष्यजन्म मिळाला.

कूणिकाने अट्ठम केला आणि यंत्र मागितलं. वरुणाने अट्ठम केला आणि स्वतःच्या हाताला मर्यादा घातली. दोघेही नातूच, दोघांचा उपवास तीन दिवसांचाच.

हिशेबाच्या सवयीने मी दोन्ही बाजू वहीत लिहून पाहिल्या. एका बाजूला एक कोटी ऐंशी लाख, आणि त्यात जवळजवळ एकाचंही नाव नाही. दुसऱ्या बाजूला मोजकी नावं. एका दिवशी एकच बाण सोडणारा चेटक. आधी वार न करणारा वरुण. मुलगे गेल्यावर तपाला बसलेल्या काली, सुकाली, महाकाली आणि बाकीच्या सातजणी. नियम घेणाऱ्यांची नावं अडीच हजार वर्षं टिकली, यंत्राखाली गेलेल्यांची फक्त संख्या.

आणि कारण यंत्रातच आहे. वरुणाचा नियम धनुष्याला पाळता येतो. समोरचा कोण, त्याने वार केला का, हे बघून हात थांबवता येतो. महाशिलाकंटकाला तो नियम पाळता येत नाही. वजन सुटलं की फास निसटायचा तेव्हाच निसटतो आणि दगड जो खाली असेल त्याच्यावर पडतो, आधी वार केलेल्यावरही आणि न केलेल्यावरही. सारथी नसलेला रथमुसळ तर त्याहून पुढचा. आज माणसाशिवाय उडणारी, स्वतःच नेम धरणारी शस्त्रं बातम्यांत रोज दिसतात, तेव्हा मला तो घोडे नसलेला रथ आठवतो. मर्यादा घालायची ती वजन सोडण्याआधी, नंतर घालता येत नाही.

नातवाला मी वरुणाची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग वरुणाने मारलं का? नुसतं परत यायचं ना!" प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, तो राजाज्ञेने बांधलेला गृहस्थ होता, मुनी नव्हता. गृहस्थाला सगळं सोडता येत नाही, पण किती करायचं याची रेघ ओढता येते. आपलीही व्रतं अणुव्रतंच आहेत. राजगडावर तट राखणाऱ्या मावळ्यालाही घर होतं, मागे मुलंबाळं होती. स्वतःहून मारायला जाणं वेगळं आणि दारावर आलेल्याला अडवणं वेगळं. हा फरक आपल्या शास्त्राने संकल्पी आणि विरोधी हिंसा अशा दोन नावांनी केला आहे.

येत्या पर्युषणात आठवा वर्ग ऐकाल, तेव्हा तपाचे आकडे जरूर ऐका. पण काली राणीने भगवंतांना विचारलेला प्रश्नही ऐका. तुमच्या घरी एखाद्या मुलाने कॅटापुल्ट करायला घेतलं, तर त्याला पट्टी आणि नाणी द्या, वही द्या, आणि खेळ संपल्यावर ते सुटं करायला लावा. सुटं करताना त्याला वरुणाचं नाव सांगा.

जय जिनेंद्र.